सुकटीची झाली बटाट्याची भाजी

ग्रुपमध्ये मी शिरले ती एका भांडणातून. तेव्हा एक मराठी सिनेमा जोरात चालला होता, चाळीत राहणाऱ्या एका विधवेची गोष्ट. ऑनलाइन जिकडेतिकडे "अंगावर काटा" आणि "डोळे पाणावले" असं चाललं होतं. मी एका ठिकाणी खाली लिहिलं, की ह्या बाईच्या हातातली बादली रिकामी आहे. तिच्या खांद्याकडे बघा. भरलेली बादली अशी उचलली जात नाही. जिला साधी बादली कशी धरायची ते कुणी सांगितलं नाही, तिचं रडणं मी खरं का मानू?

लोक तुटून पडले. कुणी मला जळकी म्हटलं, कुणी विचारलं, तुम्ही स्वतः काय दिवे लावलेत. एकच जण माझ्या बाजूने लिहीत राहिला. नंतर त्याने मला वेगळा मेसेज केला. "ताई, तुम्ही आमच्या ग्रुपमध्ये या. इथे तुमच्यासारखीच डोकेफोड करणारी माणसं आहेत."

तो तिशीतला होता. बोरिवलीला राहायचा, अंधेरीला जाहिरातीच्या कंपनीत नोकरी करायचा. सिनेमाच्या वेडाचा हा ग्रुप त्यानेच काढलेला. बंद ग्रुप होता, म्हणजे आत घेतल्याशिवाय कुणाला काही वाचता येत नसे. मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली, मुलुंडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. सकाळी उपाशीपोटी आलेल्या लोकांचं रक्त काढायचं, दुपारपर्यंत रिपोर्ट करायचे, मग घर. नवरा चांगला आहे, पण सिनेमागृहात दिवे गेले की त्याला झोप लागते. लॅबमधल्या मुली ट्रेलर बघूनच सिनेमा बघितल्यासारखं बोलतात. म्हणजे मला बोलायला कुणी नव्हतं, आणि हे मला ग्रुपमध्ये गेल्यावर कळलं.

पहिली काही वर्षं फार छान गेली. हे सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. कुणीतरी लिहायचं, "आज डोकं उठलंय, काहीतरी हलकं सांगा," आणि तासाभरात त्याच्यासमोर सिनेमांचा ढीग पडलेला असायचा. कुणी म्हणायचं, आईला घेऊन बघता येईल असा सांगा, मध्येच उठून जावं लागेल असा नको. आवडला नाही म्हटलं तर का नाही ते सांगावं लागायचं. ग्रुपचा तो एकच नियम होता. नुसतं "बकवास" लिहिलं की तो ॲडमिन मुलगा खाली लिहायचा, "कारण?" एका नटाच्या चालण्यावरून मी आणि एक नाशिकचा डॉक्टर आठवडाभर भांडलो होतो. लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या घेऊन सेंट्रिफ्यूजचं मशीन फिरत असायचं आणि मी एका हाताने त्याला उत्तर टाइप करत असायचे.

तिथेच मला मैत्रीण मिळाली. घाटकोपरची, बँकेतून लवकर निवृत्ती घेतलेली. पहिला सिनेमा आम्ही एकत्र बघितला तेव्हा इंटरव्हलला ती म्हणाली, "सामोसा घेऊ नकोस गं, सेकंड हाफमध्ये तुझं चावणं ऐकू येईल मला." मला ती तिथेच आवडली. मग महिन्यातून एकदा तरी आमचं ठरलेलं. सिनेमा झाला की ग्रुपवर दोघी वेगवेगळं लिहायचो, आणि एकमेकींच्या पोस्टखाली भांडायचो. मला वाटायचं, ही माझी माणसं आहेत. नातेवाइकांपेक्षा जवळची.

तर अशा ह्या माणसांमध्ये मी बाबांबद्दल लिहिलं.

निमित्त एका परदेशी सिनेमाचं होतं. कुठल्यातरी थंड देशातलं बंदर बंद पडतं आणि एक माणूस रोज सकाळी कामाचे कपडे घालून घराबाहेर पडत राहतो, असा. मी ग्रुपवर लिहिलं, हा बघाच, आणि का बघा हे सांगताना हात थांबलाच नाही. जे मी नवऱ्यालाही अर्धवट सांगितलं होतं ते सगळं लिहून टाकलं.

बाबा गिरणीत होते. मी सहावीत असताना गिरणी बंद पडली. आम्ही भांडुपला डोंगराच्या बाजूला राहायचो. बाबा तरीही रोज सकाळी डबा घेऊन निघायचे. आई डबा भरून द्यायची, आणि शेजारी कुणी विचारलं तर सांगायची, "काम बघूक जातत." एकदा शाळेने आम्हाला मुलांचा सिनेमा दाखवायला मुलुंडच्या थिएटरात नेलं. सकाळचा खास खेळ होता. तो सुटला, आम्ही रांगेने बाहेर पडलो, आणि समोर मॅटिनीच्या तिकिटाच्या रांगेत माझे बाबा उभे. हातात डब्याची पिशवी. त्यांनी मला बघितलं, मी त्यांना. बाईंनी "चला, चला" म्हटलं आणि आम्ही पुढे गेलो.

घरी ते काही बोलले नाहीत. मीही नाही. शनिवारी अर्धी शाळा असायची. त्या शनिवारी ते शाळेच्या फाटकाशी उभे होते. "चल," म्हणाले. आम्ही त्याच थिएटरात गेलो. अंधार झाल्यावर त्यांनी डबा उघडला. भाकरी आणि सुकट. पहिला घास मला दिला. सुकटीचा वास पसरला तसा पुढचा माणूस वळला आणि म्हणाला, "काय रे ही घाण? मासळीबाजार आहे काय हा?" बाबांनी झाकण लावलं. तो पुढे वळल्यावर झाकण थोडंसं किलकिलं करून, आत बोटं घालून, ते मला एकेक घास देत राहिले. इंटरव्हलला दिवे लागले तेव्हा मी विचारलं, "बाबा, तुम्ही रोज इथे येता?" ते म्हणाले, "इथे पंखा आहे. आणि काळोखात कोण इचारत नाय, काय करतस म्हणून."

एवढंच. आईला सांगू नको असं ते म्हणाले नाहीत. म्हणायची गरज नव्हती. पुढे त्यांना कांजूरमार्गला एका कंपनीत वॉचमनची नोकरी लागली, तिथेच ते रिटायर झाले, आणि आता त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. आईला मी कधीच सांगितलं नाही.

त्या पोस्टखाली ग्रुपमधल्या लोकांनी जे लिहिलं ते वाचून मी लॅबच्या बाथरूममध्ये जाऊन रडले होते. नाशिकच्या डॉक्टरने लिहिलं, आज तुमच्याशी भांडणार नाही. मैत्रिणीने फोन केला आणि फोनवर काही बोललीच नाही, नुसती नाक ओढत राहिली. ॲडमिन मुलाने लिहिलं, "ताई, तुमच्या बाबांना नमस्कार. हे ह्या ग्रुपवरचं आजवरचं सर्वोत्तम लिखाण."

नंतर वर्षभरात त्याने व्हिडिओचं चॅनेल सुरू केलं. सिनेमांबद्दल बोलायचा. चांगला बोलायचा. आवाज खोल, चेहरा प्रामाणिक, मागे पुस्तकांचं कपाट आणि पिवळा दिवा. हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं की तो बोलतो त्यातली वाक्यं ओळखीची आहेत. बादलीचं ते वाक्य एकदा आलं, "भरलेली बादली अशी उचलली जात नाही, मित्रांनो." डॉक्टरचं नटाच्या चालण्याबद्दलचं आलं. मला तेव्हा राग आला नाही, उलट हसू आलं. म्हटलं, पोरगं शिकतंय. मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "असू दे गं, ग्रुपचीच तर वाक्यं आहेत."

मग एका रविवारी मी भांडुपला आईकडे गेले. आई भावाकडे राहते. मी चपला काढतेय तोवर तिने मोबाईल पुढे केला. गावच्या भावकीच्या ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ पाठवला होता. "बघ गो, कसलो बापूस तो."

तो पिवळा दिवा, ते कपाट, तो चेहरा. तो सांगत होता, "मी लहान होतो. माझ्या बाबांची नोकरी गेली होती. पण ते रोज डबा घेऊन घराबाहेर पडायचे..."

मी उभ्याउभ्या बघितलं. थिएटर होतं, शाळेचा खेळ होता, तिकिटाची रांग होती. "माझे बाबा," तो म्हणत होता, "माझे बाबा." डबा उघडला, त्यात पोळी आणि बटाट्याची भाजी निघाली. पुढचा माणूस वळला, आणि हसून म्हणाला, "काय मस्त वास सुटलाय! मलाही द्या हो एक घास." आणि तिघांनी मिळून डबा खाल्ला. शेवटी दिवे लागले, आणि त्याचे बाबा त्याला म्हणाले, "बाळा, इथे पंखा आहे. आणि अंधारात कुणी विचारत नाही, काय करतोस म्हणून." मग पेटी वाजली, बारीक आवाजात.

मला काय वाटलं ते मला नीट सांगता येत नाही. रक्त काढताना कधीकधी माणूस सुई आत गेल्यावर नाही, बाहेर आल्यावर चक्कर येऊन पडतो. तसं काहीतरी.

आई माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हणाली, "काय तो बापूस! घरात बायल राबता आसा, नि हो काळोखात बसान पिच्चर बघता. नि पोराक पण नेऊन बसवता. वर त्येचा कवतिक!" मग मोबाईल बाजूला ठेवून म्हणाली, "तुझो बापूस तसो नव्हतो. उन्हातान्हात गेटागेटार फिराचो. चपला झिजल्यो तेच्यो. कधी एक दिवस बसलो नाय."

मी म्हटलं, "हो."

दुसरं काय म्हणणार होते? भावजय चहा घेऊन आली तर आईने तिलाही दाखवला. शेजारची बाई आली तर तिलाही. दर वेळी शेवटी तेच, आमचे हे असे नव्हते. बाबांचं आयुष्यभर जे झाकलं गेलं होतं ते आता माझ्यासमोर उघडं पडलं होतं, आणि त्याला नावं ठेवत होती माझी आई. तिला ठाऊक नव्हतं की ती कुणाला बोलतेय. मला ठाऊक होतं. चहा थंड झाला तो तसाच बेसिनमध्ये ओतला मी.

घरी येऊन त्याला फोन लावला.

"अगं ताई, बोल!" एव्हाना तो मला अगं-तुगं करायला लागला होता, आणि मला ते आवडायचंही.

"तो डब्याचा व्हिडिओ."

"बघितलास? कसला उचललाय लोकांनी, यार. मी तुला फोन करणारच होतो."

"ते माझे बाबा आहेत."

"हो ना. तुझ्याच पोस्टवरून आहे ते. मी नाही कुठे म्हणतोय?"

"तू व्हिडिओत 'माझे बाबा' म्हणालायस."

"ताई, 'एका ताईंचे बाबा' म्हटलं की लोक पुढे सरकतात. 'माझे बाबा' म्हटलं की थांबतात. तू एवढे सिनेमे बघतेस, तुला मी काय सांगू? ट्रीटमेंट असते ना ती."

"आणि बटाट्याची भाजी?"

तो हसला. अगदी मोकळं, भावासारखं हसला. "अगं, सुकट म्हटलं की अर्धं पब्लिक तिथेच नाक मुरडतं. बटाट्याची भाजी कशी, सगळ्यांची असते."

"अरे, पण वास होता म्हणून तो माणूस वळला. वास होता म्हणून बाबांनी झाकण लावलं. तुझ्या व्हिडिओत तो माणूस घास मागतोय."

"तेच तर वर्क झालं, ताई. लोकांना शेवटी माणुसकी हवी असते."

मी म्हटलं, "काढून टाक तो."

"मी तुझं नाव देतो ना खाली. मोठ्या अक्षरात. प्रेरणा म्हणून."

"नाव नको. काढून टाक."

"आता नाव पण नको म्हणतेस. मग प्रॉब्लेम काय आहे तुझा नक्की?"

माझा प्रॉब्लेम भांडुपला बसला होता आणि शेजारणीला व्हिडिओ दाखवत होता. नाव आलं असतं तर आईला कळलं असतं. आणि त्याला आईचं सांगितलं असतं तर त्याचाही व्हिडिओ झाला असता. मी म्हटलं, "मला नकोय, एवढं पुरे नाही का?" तो म्हणाला, "बघतो, दोन-चार दिवसांत करतो काहीतरी." मला माहीत होतं तो काढणार नाही. तरी थांबले. मग थांबवेना तेव्हा ग्रुपवर लिहिलं.

फार नाही लिहिलं. एवढंच, की ही माझ्या वडिलांची गोष्ट आहे, तुम्ही सगळ्यांनी ती इथेच वाचली आहे, ॲडमिनने ती स्वतःच्या वडिलांची म्हणून सांगितली, मी काढायला सांगितलं आणि तो काढत नाही. तुम्ही त्याला सांगा.

मला वाटलं होतं आता लोक उसळतील. ज्यांनी मला बाथरूममध्ये जाऊन रडायला लावलं होतं ती माणसं. एकाने लिहिलं, "ताईंचं म्हणणं समजतं, पण ग्रुपवर टाकलं की ते सगळ्यांचंच होतं ना?" दुसऱ्याने लिहिलं, "क्रेडिट द्यायला हवं होतं, ह्याच्याशी सहमत. बाकी व्हिडिओ झकास." आणि मग, खरं सांगते, ते चर्चा करायला लागले. जशी आम्ही सिनेमांची करायचो तशी. कुणी लिहिलं, "मूळ पोस्ट जास्त रॉ होती, पण व्हिडिओत इमोशन जास्त पोचलं." कुणी लिहिलं, "मला सुकटीचं व्हर्जन आवडलं होतं, जास्त रिअल." त्याला कुणी उत्तर दिलं, "पण तो पुढचा माणूस फार निगेटिव्ह वाटला होता तिथे. एंडला होप हवी." एका बाईंनी तर लिहिलं, "दोन्ही आपापल्या जागी छान!" आणि खाली दोन हात जोडलेले.

माझ्या बापाच्या दोन आवृत्त्या झाल्या होत्या आणि हे लोक कुठली बघावी ते एकमेकांना सुचवत होते.

नाशिकच्या डॉक्टरने मात्र सरळ लिहिलं, हे चूक आहे. ॲडमिनने त्याखाली लिहिलं, "कारण?" लोकांनी त्यावर हसण्याची चित्रं टाकली. डॉक्टर त्या दिवशीच ग्रुप सोडून गेला.

मैत्रिणीचा फोन संध्याकाळी आला. "कशाला वाढवतेस गं? मुलगा वाईट नाहीये तो."

"मी वाईट म्हटलं का? काढून टाक म्हटलं."

"त्याला कुठल्याशा प्रोड्यूसरचा फोन आलाय त्या व्हिडिओमुळे. त्याचं करिअर आहे. तुझं काय जातंय?"

मी तिला आईचं सांगितलं. तिला एकटीलाच सांगितलं. ती म्हणाली, "पण आईंना कळलंय कुठे? कळलं नाहीये ना? मग झालं तर." तिच्या आवाजात एक घाई होती. तिला फोन ठेवायचा होता.

त्यानंतर महिन्याभराने ग्रुपचं स्नेहसंमेलन होतं. घाटकोपरला एका शाळेचा हॉल घेतला होता, रविवारची दुपार. मी जाणार नव्हते. मग वाटलं, का नाही? समोर उभी राहिले तर त्याला माझ्याकडे बघावं लागेल. साडी नेसून गेले, इस्त्रीची. असं वाटत होतं की मी कुणाला तरी घरी परत न्यायला चालले आहे.

दारातच त्याने मला बघितलं आणि धावत आला. खाली वाकून पाया पडला. "ताई आली! बघा, ही आपली सगळ्यात जुनी मेंबर. फार स्ट्रिक्ट हां, सांभाळून!" सगळे हसले. माझ्या हातात गुलाबाचं फूल आलं. मी तोंड उघडेपर्यंत तो पुढच्या माणसाच्या पायाशी होता. निवेदन करायला मैत्रीण उभी होती, हातात माईक. तिने मला लांबूनच हात केला.

पुढच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन, केस नीट विंचरलेले. लोक रांग लावून त्यांच्याकडे जात होते. कुणी हात हातात घेत होतं, कुणी पाया पडत होतं. एक बाई डोळे पुसत म्हणाली, "काका, तुमचा तो डबा! आम्ही घरातले सगळे रडलो." ते त्याचे वडील होते.

चहाच्या वेळेला ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. हातात वेफर्सची प्लेट. मला म्हणाले, "तुम्हालाही चित्रपटांचा नाद?"

"हो. तुम्हाला?"

"छे हो. वर्षातून एखादा बघायचो. तोही ऑफिसची मंडळी गेली तर."

"कुठे होतात?"

त्यांनी एका सरकारी खात्याचं नाव सांगितलं, आणि कुठल्या पदावरून निवृत्त झाले तेही. ते सांगताना पाठ ताठ झाली त्यांची.

मी म्हटलं, "मग ते डब्याचं?"

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. आवाज खाली आणला. "ते त्याचं आहे सगळं. मला विचारलं नव्हतं. आमच्या सोसायटीतले लोक हिला येऊन विचारायला लागले, वहिनी, एवढे वाईट दिवस काढलेत, बोलला नाहीत कधी. मी एक दिवस बिनपगारी राहिलेलो नाही हो आयुष्यात. पहिल्यांदा फार चिडलो मी त्याच्यावर." मग एक वेफर खाल्ला, बोटं रुमालाला पुसली. "आता चालतं. खरं सांगू का, नोकरी केली त्याबद्दल माझ्या कुणी कधी पाया पडलं नव्हतं."

मी म्हटलं, "ते माझे वडील आहेत. गिरणीत होते. त्या डब्यात सुकट होती."

ते माझ्याकडे बघत राहिले. समजलं त्यांना, मी बघितलं ना समजताना. चेहरा आधी उतरला, मग हळूहळू बंद झाला, खिडकी लावून घ्यावी तसा. "असं का?" म्हणाले. "मग तुम्ही त्याच्याशी बोला ना. मला कशाला..." तेवढ्यात एक कॉलेजातली मुलगी मोबाईल घेऊन आली. "काका, एक सेल्फी?" ते उठले. कॉलर सारखी केली, पेन सरळ केलं, आणि तिच्या शेजारी उभे राहून हसले. दुःख सोसलेल्या माणसाने हसावं तसं, थोडंसं, मान किंचित वाकडी करून. आमच्या बाबांना असं हसता आलं नसतं. त्यांना फोटोत डोळे मिटायची सवय होती.

मी निघाले. माईकवरून कुणीतरी पुढचा कार्यक्रम सांगत होतं. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की गुलाब अजून हातात आहे. रिक्षावाल्याला दिला, त्याने तो गणपतीच्या फोटोला खोचला.

त्या संध्याकाळी मी ग्रुप सोडला. कारण लिहिलं नाही. व्हिडिओ अजून आहे. नंतर तो हिंदीतही आला, त्यात पोळीची रोटी झाली. त्यावर लघुपट निघतोय असं ऐकलं. एका गाजलेल्या नटाला बापाचं काम दिलंय म्हणे. चांगला नट आहे. ग्रुपमध्ये असते तर मीच त्याच्याबद्दल दोन पानं लिहिली असती.

आई अजून तो व्हिडिओ विसरली नाही. टीव्हीवर कुणी कामचुकार नवरा दिसला की म्हणते, "त्या डब्याच्या बापासारखो." आणि मग बाबांचं सुरू करते, ते कसे फिरायचे, किती गेटांवर जायचे. हल्ली त्या गोष्टीत विक्रोळी येते, ठाणे येतं, माहूलच्या रिफायनरीचं गेटही आलंय. बाबा जितके चालले नसतील तितके ती त्यांना चालवते. मी ऐकते. मध्ये बोलत नाही.

सिनेमे बघते मी, नाही असं नाही. एकटी जाते, सकाळच्या खेळाला, सुट्टीच्या दिवशी. बघून येते. लॅबमधल्या मुली विचारतात, "कसा होता, मॅडम?" मी म्हणते, ठीक होता.

परवा मैत्रिणीचा फोन आला, कितीतरी महिन्यांनी. आवाजात फार गोडवा होता. चॅनेलवर तिला स्वतःचा कार्यक्रम मिळालाय, बायकांच्या आठवणींचा. सिनेमा आणि आपलं बालपण, असं काहीतरी.

"तू कशी आहेस गं? किती दिवसांत भेटलो नाही." मग म्हणाली, "तुला म्हणून विचारते. तुझ्याकडे अजून आहे का काही? लहानपणीचं वगैरे? तू लिहितेस फार छान. ह्या वेळी नाव देऊ, पक्कं."

मी लॅबमध्ये खुर्चीत बसले होते. सकाळची गर्दी ओसरली होती, टेबलावर रक्ताच्या नळ्यांचा ट्रे होता, प्रत्येकीवर कुणाचं ना कुणाचं नाव चिकटवलेलं. डोळ्यांसमोर बाबा होते, आई होती, दोघांच्या कितीतरी गोष्टी होत्या.

"नाही गं," मी म्हटलं. "एवढंच होतं."